शुक्रवारचं तेल

शुक्रवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मी गिरणीच्या फरशीवर उभी होते. समोर पामच्या घडांनी भरलेल्या अकरा ट्रॉल्या होत्या, जमिनीवर ओतलेला एक ढीग होता आणि ढिगाभोवती सुट्या फळांच्या सोळा टोपल्या. वजनकाट्याच्या चिठ्ठ्यांची बेरीज केली तर माल अडतीस टन चारशे किलो भरला. सगळा बुधवारचा. दुपारी तीनला तोडला असं धरलं, तर एकोणचाळीस तास शिळा. चिलटं मोजता येईनात, ती सोडून दिली.

दुपारी त्याच्या तेलाची आम्लता निघाली ५.७ टक्के. एरवी ती साडेतीनच्या आसपास असते.

यात गूढ काहीच नाही. पामचं फळ तोडल्या क्षणापासून आतल्या आत आंबायला लागतं. वाफेच्या टाकीत शिजलं की ते थांबतं. पण गुरुवार हा असासे याआचा, भूमातेचा विश्रांतीचा वार. त्या दिवशी आमच्याकडे जमिनीला कोयता-फावडं लावत नाहीत. शेतं बंद, म्हणून गिरणीही बंद. बुधवारी उरलेला माल शुक्रवार उजाडेपर्यंत तसाच पडून राहायचा, आणि साबणाचा कारखाना दर शुक्रवारचं तेल परत पाठवायचा.

लार्टे मॅडम आमच्या व्यवस्थापक. आक्राच्या, समुद्रकाठच्या, त्यांच्या लोकांचा विश्रांतीचा वार वेगळा. त्यांनी मला आणि याऊ ड्वामेनाला एकदमच केबिनमध्ये बोलावलं.

“प्रक्रिया प्रमुखाची जागा रिकामी आहे,” त्या म्हणाल्या. “बाहेरून माणूस आणायचा नाही असं मी ठरवलंय. सलग चार शुक्रवार तेल चारच्या खाली आणून दाखवा. ज्याच्या उपायाने येईल, खुर्ची त्याची.”

याऊ आणि मी कुमासीच्या विद्यापीठात एकाच वर्गात होतो. गिरणीत रुजूही एकाच दिवशी झालो. शेवटच्या वर्षी मला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले, त्याला एकोणसत्तर. हे मी कुणाला सांगत नाही; पण विसरतही नाही.

मी नऊ आठवडे नमुने घेतले होते. एका अक्षावर फळाचं वय, दुसऱ्यावर आम्लता. बिंदू इतके सरळ रेषेत बसले की पट्टी लावायची गरज नव्हती. माझा उपाय असा : शेतं गुरुवारी बंद राहू देत, फक्त गिरणी चालवावी. फळ आधीच तोडलेलं आहे, मातीला कुणी हात लावत नाही; मग भूमातेची हरकत कशाला असेल?

हरकत बॉयलरची होती. गिरणीत सगळे सांगतात की पहिल्या वर्षी गोऱ्या इंजिनियरने हट्टाने गुरुवारी बॉयलर पेटवला, नळी फुटली आणि तो भाजलेल्या हातांनी जो विमानात बसला तो परत आलाच नाही. मी दुरुस्तीचं जुनं रजिस्टर काढलं. नळी फुटल्याची तारीख सापडली. वार काढला तर मंगळवार. रजिस्टर घेऊन मी पोकुआ मावशीकडे गेले. मावशी फरशीवरच्या बायकांची मुकादम. एकोणीस वर्षं ती फरशी तिच्या नजरेखाली आहे. तिला पटलं की सगळ्यांना पटेल, असा माझा हिशेब होता.

“मंगळवार?” मावशीने रजिस्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. “मग लिहिणाऱ्याने मंगळवारी लिहिलं असेल. फुटली गुरुवारीच.”

“मावशी, लिहिणारा आधी कसा लिहील?”

“ते त्या लिहिणाऱ्याला विचार. तुझ्यासारखाच शिकलेला असणार.”

बायका खोऱ्यांवर रेलून हसल्या. मॅडमनी तरीही माझ्या उपायावर सही केली आणि नोटीस लागली. त्या गुरुवारी चौसष्टपैकी तीन माणसं कामावर आली. मी, फाटकावरचा पहारेकरी आणि याऊ. याऊ केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाची उकड, आणि तळलेला मासा घेऊन आला होता, दोघांपुरता. आम्ही थंड बॉयलरशेजारी बसून खाल्लं.

“अजोआ, तुझा तो आलेख मला एका वाक्यात सांग,” तो म्हणाला.

“बुधवारचं फळ बुधवारीच शिजलं पाहिजे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग गुरुवारच्या मागे कशाला लागलीस? बुधवारी तोडणी दुपारी बारालाच थांबवू. संध्याकाळी फरशी रिकामी.”

“माल कमी होईल.”

“आज किती झाला?”

मी माशाचा काटा काढत बसले. खरं सांगायचं तर तोडणी लवकर थांबवायची कल्पना त्याची होती. पण वाक्य माझं होतं, आलेख माझा होता, नऊ आठवडे माझे होते.

शुक्रवारी तो दारूची नवी बाटली घेऊन नाना ओबेंगच्या घरी गेला. आमच्या आसपासच्या जमिनी नानांच्या घराण्याच्या शब्दाने चालतात, आणि नानांकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. तिथे काय झालं मला माहीत नाही. सोमवारी तो फरशीवर उलट्या टोपलीवर उभा होता, आणि चौसष्ट माणसं त्याचं ऐकत होती.

“गुरुवारी आई झोपते, बरोबर?” तो म्हणाला. “आता मला सांगा, कुठल्या आईला छातीवर अडतीस टनांचं ओझं ठेवून झोप लागेल? आपण कोयता ठेवतो, फावडं ठेवतो, आणि ओझं मात्र तिच्या अंगावर तसंच टाकून घरी जातो. ती कूस बदलते. फळ आंबतं. तुमच्या आईला तुम्ही असं झोपवाल?”

“माझ्या सासूला झोपवेन,” मागून एक बाई म्हणाली. सगळे हसले.

“सासूला झोपव. आईला नको. बुधवारी सूर्य मावळायच्या आत फरशी रिकामी आणि झाडलेली. पोकुआ मावशी फिरून बघेल. ती ‘झोप, आई’ म्हणाली की मगच फाटक बंद.”

मावशीने मान डोलावली, जणू हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. ऐकलेलं नव्हतं. मी तिथलीच आहे, माझ्या आजीने मला सगळ्या वारांच्या गोष्टी सांगितल्या आहेत. फरशी, टन आणि कूस बदलणं त्यात कुठेच नाही. माझं वाक्य त्याने कापडात गुंडाळलं होतं. आणि लोक म्हणत होते, “बोलणारच. गुरुवारी जन्मलेला तो, नावच याऊ. आईचा सख्खा.” मी सोमवारी जन्मले, म्हणून अजोआ. या बाबतीत अभ्यास करून काही उपयोग नव्हता.

पहिल्या शुक्रवारी ३.९.

दुसऱ्या शुक्रवारी ३.६.

तिसऱ्या शुक्रवारी ३.४.

हे आकडे मीच काढत होते. तेल तोलायचं, अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, रंगाचे दोन थेंब टाकायचे, वरच्या नळीतून अल्कली थेंबथेंब सोडायची, आणि पहिला फिका गुलाबी रंग तीस सेकंद टिकला की आकडा वाचायचा. मग लॅबच्या दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचा. दर शुक्रवारी फळ्यापुढे गर्दी व्हायची आणि लोक याऊच्या पाठीवर थाप मारायचे. माझी बोटं खडूने पांढरी असायची. एकदा एक हमाल मला म्हणाला, “मॅडम, जरा बाजूला व्हा, आकडा दिसत नाही.”

लार्टे मॅडमनी मला बोलावून सांगितलं, “याऊकडे हातोटी आहे, बघ. तुझं काम पक्कं आहे, पण माणसं त्याच्यामागे चालतात.”

“मॅडम, ती गोष्ट त्याने बनवलीय.”

“आणि आकडे?”

“आकडे खरे आहेत.”

“मग तक्रार काय आहे?”

संध्याकाळी खोलीवर मी वहीत लिहिलं : ‘दोन कारणं एकत्र बदलली आहेत. फळाचं वय आणि गोष्ट. परिणाम कोणाचा हे वेगळं करून दाखवलेलं नाही. तुलनेचा प्रयोग हवा.’ हे शास्त्राला धरून होतं. फरशी झाडलेली असू दे, मावशीने ‘झोप, आई’ म्हटलेलं असू दे, सगळे विधी यथासांग होऊ देत. फक्त एक ट्रॉली जुना माल शुक्रवारच्या पहिल्या घाण्यात जाऊ दे. आम्लता चढली की सिद्ध झालं : आईचा संबंध नाही, वयाचा आहे. म्हणजे माझा आहे.

हा प्रयोग पाचव्या शुक्रवारीही करता आला असता. सहाव्याही. मी चौथा निवडला.

बुधवारी दोन वाजता मी एका ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं की शेवटची ट्रॉली रिकाम्या घडांच्या शेडमागे सोड, मला नमुना घ्यायचाय. तीन टन चारशे किलो. त्यावर ताडपत्री टाकली. साडेपाचला पोकुआ मावशी फरशीवरून फिरली, टोपल्या पालथ्या करून पाहिल्या, शेडच्या कोपऱ्यापर्यंत आली. ती ताडपत्री झाकलेल्या खताच्या ढिगांची जागा. तिकडे बघायचं तिला कारण नव्हतं. ती म्हणाली, “झोप, आई.” मी लॅबच्या खिडकीत उभी होते.

शुक्रवारी सकाळी त्याच ट्रॅक्टरवाल्याने ती ट्रॉली रांगेत पहिली लावली आणि अकरा वाजता काळे कपडे घालून मामाच्या अंत्यविधीसाठी कुमासीला निघून गेला. पहिला घाणा पाच टनांचा होता. मी आदल्या दिवशी गणित मांडलं होतं : ५.०. नळीने सांगितलं : ५.१.

मला आनंद झाला. तो लपवायला मी दार लावून घेतलं, पाणी प्यायले, आणि बाहेर येऊन फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : ५.१. माझं स्पष्टीकरण तयार होतं, आलेख गुंडाळून काखेत होता. मॅडम जेवून आल्या की त्यांच्यापुढे उलगडायचा.

त्यांच्या आधी लोक आले.

“पाच पूर्णांक एक?”

“फरशी रिकामी नव्हती. नक्की नव्हती.”

“आईची झोप मोडली. मी सांगतो ना, मोडली.”

“शोधा रे! काहीतरी राहिलंय.”

चौसष्ट माणसं आवारात पसरली. सतरा मिनिटांत पोकुआ मावशीलाच ते सापडलं. शेडमागे चाकांचे खोल ठसे, मातीवर लाल रसाचा डाग आणि गवतात आंबलेली सुटी फळं. ती वाकून ती गोळा करत राहिली, पदरात, एकेक. मग उठली.

“इथे ट्रॉली होती,” ती म्हणाली. “बुधवारची. मला दिसली नाही.”

कुणीतरी हळूच म्हणालं, “एका ट्रॉलीने बघ आईला कळलं,” आणि ते वाक्य फरशीभर फिरलं. त्यात भीती होती, पण त्याहून जास्त समाधान होतं. माझ्या प्रयोगाने सिद्ध झालं होतं. याऊची गोष्ट शब्दन्‌शब्द सिद्ध झाली होती. त्यात म्हटलंच होतं की ओझं राहिलं तर फळ आंबेल. ओझं राहिलं; फळ आंबलं. काखेतला आलेख घेऊन मी उभी राहिले, आणि त्यावर मला जे दाखवायचं होतं ते सगळं प्रत्येकाला आधीच दिसलेलं होतं.

दुपारी याऊ लॅबमध्ये आला. दाराशीच थांबला.

“ट्रॉली तू ठेवलीस.”

“पुरावा?”

“तुझ्या वहीत असेल. तू करतेस ते सगळं लिहितेस. वजनासकट.”

मी वहीवर हात ठेवला. त्याने तो पाहिला, आणि नजर फिरवली.

“मी सांगणार नाही,” तो म्हणाला. “पण उद्या सकाळी नानांनी मावशीला बोलावलंय. प्रायश्चित्ताची मेंढी मागतील. आणि फरशी तिच्याकडून काढून घेतील. ती स्वतःच म्हणतेय, माझे डोळे गेले, मला घरी बसवा.”

“तुझा चौथा शुक्रवार गेला. त्याचं काही नाही?”

“आहे की. रात्रभर वाईट वाटणार आहे मला,” तो म्हणाला. “तुझ्याकडे अजून केंकी आहे का? सकाळपासून खाल्लं नाही.”

मी त्याला अर्धी दिली. त्याने मला पकडलं होतं, गप्प राहायचं ठरवलं होतं, आणि वर भूकही लागली होती. हेही त्यालाच जमलं. मी त्याच्या जागी असते तर फळ्यावर नाव लिहिलं असतं.

शनिवारी सकाळी नऊला नानांच्या अंगणात गिरणीतली बावीस माणसं होती. लार्टे मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोकुआ मावशी चपला काढून मध्ये उभी राहिली. नाना ओबेंग खूप म्हातारे आहेत. ऐकताना ते डोळे मिटतात, त्यामुळे झोपले की काय असं वाटतं.

“एकोणीस वर्षं बघतेय, नाना,” मावशी म्हणाली. “कधी घड नाही सुटला नजरेतून. आता आख्खी ट्रॉली सुटली. डोळे—”

“तुमचे डोळे ठीक आहेत, मावशी,” मी म्हणाले.

मी वही उघडली आणि वाचलं. ट्रॉलीची जागा, वेळ, वजन, ताडपत्रीचा रंग, अंदाज पाच, प्रत्यक्ष पाच पूर्णांक एक. मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिचं तोंड थोडं उघडं होतं.

“का ठेवलीस?” नानांनी डोळे न उघडता विचारलं.

“तुलना करायची होती, नाना.”

“कशाची कशाशी?”

उत्तर पाठ होतं : ताज्या फळाची जुन्या फळाशी. पण तोंडातून निघालं, “माझी, याऊशी.”

अंगणात हशा पिकला. नानांचे खांदे हलले. मॅडमनी पर्सचा बंद घट्ट धरला. याऊ एकटा हसला नाही, आणि तेही मला सहन झालं नाही.

“आणि ती गोष्ट खोटी आहे, नाना,” मी म्हणाले. “आई कूस बदलते ती. आपल्याकडे अशी गोष्टच नाही. तुम्हालाही माहीत आहे.”

नानांनी आता डोळे उघडले.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “बाटली घेऊन आला तेव्हा त्यानेच सांगितली. मी पहिल्यांदाच ऐकली. चांगली वाटली, ठेवून घेतली.” मग माझ्याकडे पाहिलं. “तुझ्याकडे एखादी आहे का?”

माझ्याकडे नव्हती.

मेंढी माझ्याकडून घ्यायचं ठरलं. मावशीची फरशी मावशीकडेच राहिली. दर बुधवारी मी तिच्यामागून फिरायचं, ती दाखवेल तिथे वाकायचं, असंही ठरलं. हे मावशीने स्वतः मागून घेतलं. मॅडमनी लेखी ताकीद दिली. लॅबमधून काढलं नाही, कारण तो गुलाबी रंग वाचणारं गिरणीत दुसरं कुणी नव्हतं.

“हा शुक्रवार मी धरत नाही,” गाडीत बसताना त्या म्हणाल्या. “येता शुक्रवार चौथा. चारच्या खाली आला तर याऊ प्रमुख. नाही आला तर आक्राहून माणूस मागवते, तुमच्या भांडणाला मी कंटाळले. आकडा तूच काढणार आहेस, अजोआ. माझ्या लक्षात आहे ते. तुझ्याही असू दे.”

बुधवारी मावशीने मला सगळी फरशी दाखवली. टोपल्यांची बुडं, ट्रॉल्यांच्या खालची जागा, गटाराची जाळी, शेडच्या मागची बाजू दोनदा.

“वाक. अजून वाक. तुझी कंबर काय काचेची आहे?”

“मावशी, इथे काही नाही.”

“काही नाही हे कुणी सांगितलं? हात घाल.”

जाळीत तीन सुटी फळं निघाली. तिने ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः टाकीत टाकून आली. मला वाटलं, मला ‘झोप, आई’ म्हणायला लावेल. तिने लावलं नाही. स्वतःच म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता फाटकाकडे चालू लागली.

शुक्रवारी दुपारी पावणेएकला पहिल्या घाण्याचं तेल आलं. याऊ लॅबमध्ये आला नाही. बाहेर फळ्याखालच्या पायरीवर बसला. दारातून त्याची पाठ आणि शर्टावरचा घामाचा पट्टा दिसत होता. बायका त्याच्याभोवती भुईमूग सोलत होत्या आणि तो काहीतरी सांगत होता. दर अर्ध्या मिनिटाला हसू फुटत होतं. मी तेल तोललं. अल्कोहोल घातलं. रंगाचे दोन थेंब.

नळीची तोटी सैल करताना मला नेमकं ठाऊक होतं की रंग आल्यावर अजून किती सोडलं तर आकडा चारच्या वर जातो. जास्तीची अल्कली रंग जरा गडद करते, एवढंच. गडद आणि फिका यातला फरक सांगू शकेल असं आवारात कुणी नव्हतं. आक्राहून येणाऱ्या माणसाला मी ओळखत नव्हते. त्याच्याशी एका वर्गात बसले नव्हते, त्याचे गुण मला माहीत नव्हते. त्याच्या हाताखाली काम करणं सोपं गेलं असतं.

बाहेर पुन्हा हशा झाला. मी थेंब मोजले. फिका गुलाबी आला, मी तोटी बंद केली आणि घड्याळात तीस सेकंद पाहिले. रंग टिकला. चंबू धुऊन दुसरा नमुना घेतला, मग तिसरा. खडू घेऊन बाहेर आले, तेव्हा याऊ उठून बाजूला झाला, आणि मी फळ्यावर लिहिलं :

शुक्रवार, पहिला घाणा. ३.२, ३.३, ३.२. सरासरी ३.२३.